विनोददादाने काढलेले फोटो

आशागडजवळच्या त्या पाड्यात मुकेशइतका भरलेल्या अंगाचा दुसरा गडी नव्हता. चिकूच्या वाडीत दोघांनी मिळून उचलायचा क्रेट तो एकटा उचलायचा. पण त्याला स्वतःला विचाराल तर तो काडी पहिलवान. भर उकाड्यातही शर्टाखाली दोन बनियन घालायचा. महालक्ष्मीच्या जत्रेला बायको, रविना, विवळवेढ्याला एकटीच जाऊन आली. गर्दीत लोक आपल्या दंडांकडे बघतील म्हणून हा घरीच बसला.

चारोटीला जिम चालवणारा विनोद त्याच्याच पाड्यातला. मुकेशचा बाप गेला तेव्हा पहिला खांदा त्याने दिला होता, तेव्हापासून मुकेशसाठी तो विनोददादा. दर महिन्याला दादा त्याला उघड्या अंगाने खिडकीपाशी उभा करायचा, फोटो काढायचा आणि संध्याकाळी मोबाइलवर पाठवायचा. "परत उतरलास रे," म्हणायचा. मग दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन आणखी ताकदीचं इंजेक्शन काढायचा. मुकेशच्या कमरेखाली गाठ आली, छाती धडधडायला लागली, तरी तो मुकाट टोचून घ्यायचा. दादा सांगतोय म्हणजे खरंच असणार.

एकदा रविना डबा द्यायला जिममध्ये गेली. विनोद फोटो काढत होता. नवरा ऐटीत उभा राहिलेला बघून तिनेही गंमत म्हणून आपल्या मोबाइलवर एक काढला. संध्याकाळी विनोदचा फोटो आला आणि मुकेशने ताट बाजूला सरकवलं.

"बघ, गेले माझे दंड. उद्यापासून डोस वाढवायला सांगतो."

रविनाने दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी धरले.

"हे खिडकीचे गज बघ. माझ्या फोटोत सरळ आहेत. त्याच्या फोटोत तुझ्या दंडापाशीच कसे आत वाकले?"

मुकेशने जुने फोटो काढले. प्रत्येकात गज वाकलेले होते.

सकाळी तो जिममध्ये गेला तेव्हा विनोद बाक पुसत होता. मुकेशने मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"दादा, माझ्या बापाला खांदा दिलास तू. मग फोटोत माझे दंड बारीक करून मला का फसवलंस?"

विनोदने बघितलं, पण नाकारलं नाही. "तुझं मन भरलं असतं तर तू इंजेक्शनं घेतली असतीस का? मलाही पोट आहे." मग फडकं पिळत म्हणाला, "आणि सगळं माझ्यावर ढकलू नको. घरी आरसा आहे ना? त्यात काय दिसत होतं तुला?"

घरी येऊन मुकेशने शर्ट आणि दोन्ही बनियन काढली आणि आरशापुढे उभा राहिला. फोटो खोटे होते हे आता त्याला पक्कं माहीत होतं. तरी समोर तेच काटकुळे हात लोंबत होते. विनोदचं तोंड पुन्हा बघायचं नाही, हे ठरवणं सोपं होतं. पण हे डोळे तर त्याचे स्वतःचे होते.

"रविना, मी अजून बारीकच दिसतोय गं."

तिने वाद घातला नाही. "डहाणूला डॉक्टरकडे जाऊ," एवढंच म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबून बघितली, कसली इंजेक्शनं घेतलीस ते विचारलं. मुकेशने काही लपवलं नाही.

"अजून काही त्रास?"

रविनाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "मला माझं अंग खरं दिसत नाही."