एका बाहीचा स्वेटर

मी एक जुना स्वेटर आहे आणि गेल्या रविवारी मला उसवून टाकण्यात आलं.

मित्रांनो, वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही. मी पूर्ण शाबूत आहे, तब्येत उत्तम आहे. आणि 'जुना' एवढ्यासाठीच म्हटलं, की त्याशिवाय कोणी आपली कहाणी ऐकून घेत नाही. माझं वय एक हिवाळा, तोही पुरता संपलेला नाही.

मखमलाबादला फुलं पिकवणाऱ्या मालनबाईंच्या एका वावरातला झेंडू निघाला आणि त्यांनी खतासाठी तिथे मेंढरं बसवली. मेंढरं नांदगावकडच्या भिकनची. त्यांनी रात्रभर आपलं काम चोख केलं. सकाळी भिकनने कातरलेल्या लोकरीचं पोतं ओट्यावर टाकलं आणि म्हणाला, "उशीत भरा." ती काळी, राठ, वास मारणारी लोकर म्हणजे मी. उशी व्हायला माझी हरकत नव्हती. मालनबाईंच्या सुनेची होती.

सुवर्णा अंबडच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासते. केसाएवढा फरक दिसला, की तो भाग लाल ट्रेमध्ये. घरी आली की विणते. तेव्हा तिच्या सुयांवर लेकीची, आरोहीची, गुलाबी टोपी होती. "विकतच्या लोकरीचं कोणीही विणेल," असं म्हणून तिने टकळी आणली. मला धुतलं, घरात कुत्रा नसताना कुत्र्याचा ब्रश आणून विंचरलं आणि मोबाइलमध्ये बघत बघत ती कातायला बसली.

सुरुवातीला टकळी हवेत कमी आणि फरशीवर जास्त असायची. धागा कुठे शेवयांसारखा, कुठे गाजरासारखा, आणि सारखा तुटायचा. म्हणून सुवर्णाने टकळी आणखी जोरात फिरवली. पीळ वाढला, तुटणं थांबलं. टोपीच्या दोन ओळी, मग थोडं सूत, पुन्हा दोन ओळी, असं करत टोपी संपली आणि मी सुरू झालो. पण इतका पीळ भरलेला एकेरी धागा सरळ बसतो थोडाच? विणून झाल्यावर मला चटईवर ठेवलं, की मी आपला हळूहळू डावीकडे वळायचो.

पहिल्यांदा मला तिच्या नवऱ्याने, ललितने घातलं. थोड्याच वेळात माझ्या काखेखालची शिवण चालत चालत त्याच्या बेंबीपाशी आली.

"अगं, मी सरळ उभा आहे ना?"

"तुम्ही सरळच आहात. तो वाकडा आहे."

"आणि टोचतोय केवढा! आत मेंढी राहिलीये का?"

आरोही म्हणाली, "पप्पा, तुम्ही इंडिकेटर न देता वळताय."

सगळे हसले, सुवर्णा सोडून. तिने मला ओलं करून ओढलं, टाचण्या मारल्या, वर पाट आणि पाटावर गव्हाचा डबा ठेवला. वाळलो आणि पुन्हा डावीकडे वळलो. मित्रांनो, ज्या पिळाने मला तुटू दिलं नाही, त्याच्याशी मी एका गव्हाच्या डब्याला घाबरून गद्दारी करणार नाही.

रविवारी पहाटे सुवर्णाने मला मांडीवर घेतलं. "रिजेक्ट," ती म्हणाली. "सगळा उसवते. टकळीही देऊन टाकते कोणालातरी." आणि तिने उजव्या बाहीचं टोक ओढलं. मी सहजासहजी सुटलो नाही. माझ्या राठ लोकरीचे तंतू एकमेकांना धरून बसले होते; ओळीओळीला झटापट झाली. तरी बाही खांद्यापर्यंत गेलीच.

तेवढ्यात टेम्पोत फुलांच्या पाट्या चढवून मालनबाई आत आल्या.

"काय करती गं?"

"उसवतेय, आई. वाकडा झालाय."

"वाकडा हाय ते दिसतंय. गरम हाय का?"

"गरम आहे."

"मग आण इकडं."

"आई, एकच बाही राहिलीये!"

"आणखी उशीर केला असता, तर नुसता गळा घालून जावं लागलं असतं."

"लोक हसतील हो."

"हसू दे. हसरं गिऱ्हाईक भाव करत नाय."

फुलबाजारात लोक हसले. मालनबाईंनी मला काढलं नाही. दुपारी घरी आल्यावरही नाही. सुवर्णा तिकडे उसवलेल्या कुरळ्या धाग्याचा ढीग मांडीवर घेऊन सासूकडे बघत राहिली, आणि संध्याकाळी तिने टकळी उचलली. आता ती दोन धागे एकत्र घेऊन उलटा पीळ देते आणि मग धागा शहाण्यासारखा सरळ लोंबतो. अडचण एवढीच, की जुन्या बाहीच्या सुतात आता अर्धीच बाही होते. उरलेल्यासाठी नवं कातणं आलं, आणि सुवर्णा हल्ली सावकाश कातते.

मित्रांनो, वाकड्या वस्तूंची काळजी घ्या, अशी विनवणी मी करणार नाही. आम्ही आमचं बघून घेऊ. पण मालनबाई दुसरा स्वेटर घालायला तयार नाहीत आणि पहाटे टेम्पोत त्यांचा उजवा हात काकडतो. तिथे माझा इलाज चालत नाही.

सबब, हवामान खात्यास विनंती करण्यात येते की, उजवी बाही तयार होईपर्यंत मौजे मखमलाबाद ते फुलबाजार या रस्त्यावरील थंडी मालनबाईंच्या फक्त डाव्या बाजूने सोडण्यात यावी. परतताना बाजू बदलते, याची कृपया नोंद घ्यावी.