शुद्ध हरपली असल्यास, किती वेळ

उजव्या डोळ्यावर काळं झाकण धरून काकांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, आणि कोणी न सांगता तीच ओळ उलटीही वाचून दाखवली.

"पुरे, काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तक्ता पाठ करून आलात असं वाटायला लागेल मला."

"पाठ असता तर चष्मा कशाला पुसला असता इतका वेळ?"

बाई हसल्या आणि कागदावर खूण केली. हौसेखातर विमान चालवणाऱ्यालाही डॉक्टरचा दाखला लागतो. तो नसेल, तर लायसन्स खिशात असलं तरी विमानाला हात लावायचा नाही. काकांच्या वयाला हा दाखला दरवर्षी नव्याने घ्यावा लागे, आणि गेली अकरा वर्षं ते त्यासाठी याच बाईंकडे येत होते. काका उभा जन्म नकाशे काढत आलेले, मिलिमीटरचा हिशेब ठेवणारे. तपासणीची वेळ दहाची असेल तर पावणेदहाला हजर.

या वर्षी तपासणीचा अर्ज त्यांनी पहिल्यांदाच स्वतः भरला होता. एरवी ते काम बायकोचं. जेवणाच्या टेबलाशी बसून ती एकेक प्रश्न मोठ्याने विचारायची. डोकेदुखी? दमा? फिट येणे? काका "नाही, नाही" म्हणत वर्तमानपत्र वाचायचे. मधूनच ती आपल्या पदरचा एखादा आजार घुसडायची. "हेकेखोरपणा?" असं विचारायची आणि "आहे, फार जुना आहे" असं उत्तरही स्वतःच द्यायची. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. यंदा सव्वीस प्रश्न काकांनी मनातल्या मनात वाचले आणि पंचविसांपुढे झटक्यात "नाही" लिहिलं. चौदाव्यापाशी पेन अडलं. "कधी शुद्ध हरपली होती का? असल्यास, किती वेळ?" तिथेही त्यांनी शेवटी "नाही"च लिहिलं. पण त्याआधी उठून दोनदा पाणी प्यायले.

झालं होतं ते तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी. काकांनी स्वयंपाकघरात नळाखाली बादली लावली, रेडिओ सुरू केला, बातम्यांचे मथळे ऐकले, आणि खालच्या कप्प्यातलं फडकं काढायला वाकले. त्यानंतर एकदम गालाला लागलेली थंड फरशी. रेडिओवर निवेदिका हवामान सांगत होती. काका तसेच पडून राहिले आणि आपण इथे का आलो ते आठवू लागले. मग उठले, नळ बंद केला, बादलीत पाणी कुठवर आलंय ते बोटाने मोजलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून त्यांनी तीच बादली पुन्हा भरली. तेवढ्या पाण्याला आठ मिनिटं लागली. मथळ्यांपासून हवामानापर्यंत साधारण सहा मिनिटं जातात. सुरुवातीचा आणि नंतरचा वेळ वजा करून त्यांनी हिशेब काढला, चार ते पाच मिनिटं. खात्री होईना म्हणून तिसऱ्या दिवशीही बादली भरली. एखाद्या माणसाला विचारलं असतं तर एका शब्दात काम झालं असतं, पण घरात दुसरं माणूसच नव्हतं.

रविवारी लेकीचा फोन आला. "बरं आहे ना बाबा?"

"उत्तम," काका म्हणाले.

न सांगण्याचं कारण सरळ होतं. सांगितलं की विमान गेलं. आणि विमान गेलं की राहिलं काय? रविवारी सकाळी ते दोन माणसांचं छोटं विमान बाहेर काढायचं, रिकाम्या सीटचा पट्टा मधे येऊ नये म्हणून आवळून बांधायचा, आणि रेडिओवरून विमानतळाच्या टॉवरला हाक द्यायची. तिकडून लगेच उत्तर येई. कुठे निघालात, किती वाजता परतणार, सगळं विचारून लिहून घेत. सांगितलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशीर झाला तर शोधाशोध सुरू होई, चार ठिकाणी फोन जात. आठवड्यातले ते दोन तासच असे होते, की काका कुठे आहेत याची कोणाला तरी पर्वा असे. जमिनीवर उतरून इंजिन बंद केलं की ती संपे. स्वयंपाकघराच्या फरशीवर चार मिनिटं काय आणि चार दिवस काय, कोणी विचारायला येणार नव्हतं. हा विचार काकांना त्या पडण्यापेक्षा जास्त लागला होता.

"दाब एकशे सव्वीस, ऐंशी," बाई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा बरा आहे."

मग त्यांनी हृदयाचा आलेख काढला. गुलाबी कागदाची पट्टी दोन्ही हातांत ताणून त्या खिडकीशी गेल्या आणि सावकाश पाहू लागल्या. बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती काही सुरू होईना.

"छान आहे. पुढच्या वर्षीपर्यंत उडा खुशाल." बाई टेबलाशी आल्या, अर्ज पुढे ओढला आणि त्यांनी शिक्का उचलला.

आता खरं तर काकांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तो शिक्का पाहताना त्यांच्या मनात आलं, की हा एकदा उमटला की ते चार मिनिटांचं प्रकरण कायमचं मिटलं. ते घडलंच नाही असं होईल. आपण तिथे पडलो होतो हे जगात फक्त आपल्यालाच ठाऊक असेल, आणि आपण तरी तेव्हा शुद्धीवर कुठे होतो! त्यांना फार एकटं वाटलं. बायको गेली त्या दिवशीही इतकं वाटलं नव्हतं, तेव्हा घरात माणसं होती.

"डॉक्टर," ते म्हणाले, "त्या चौदाव्या प्रश्नात 'किती वेळ' असं विचारलंय."

"हो. त्याचं काय?"

"जवळ कोणी नसेल, तर काय लिहायचं?"

बाईंचा हात थांबला. त्यांनी अर्जावरचं "नाही" पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. शिक्का डबीत ठेवून झाकण लावलं आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

काकांनी सगळं सांगितलं. बादली सांगितली, रेडिओ सांगितला, बादली पुन्हा दोनदा भरून पाहिली तेही सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज एकदाच अडखळला, हवामानाच्या बातमीपाशी.

"आता मला सही करता येणार नाही, काका. कळतंय ना? पुढच्या तपासण्या कराव्या लागतील. सहा महिने जातील, वर्षही जाईल. कदाचित..."

"कळतंय."

"मग शिक्का मारेपर्यंत गप्प बसायचं ना."

त्या रागावल्या होत्या की काय, काकांना समजेना. ते अर्जाकडे बघत राहिले. मग अर्ज बाजूला सारून बाईंनी वेगळ्याच आवाजात विचारलं,

"लागलं का हो कुठे?"

काकांनी होकाराची मान हलवली. शर्टाच्या डाव्या बाहीचं बटण काढलं, एकेक घडी घालत बाही कोपरापर्यंत वर नेली, आणि हात टेबलावर ठेवला. तीन आठवड्यांत तिथलं खरचटलेलं सगळं भरून आलं होतं, दाखवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. बाईंनी दिवा जवळ ओढला आणि नीट वाकून पाहिलं.