शेवंतीशिवायची बतुकम्मा

बतुकम्माला, म्हणजे फुलांचे थर रचून त्यांभोवती फेर धरायच्या सणाला, लग्न झालेली लेक माहेरी जाते, हे आमच्या जगत्यालात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यातून लग्नानंतरचा पहिला सण असेल तर भाऊ आधीच न्यायला येऊन बसतो. मग माझ्याच सुनेला काय धाड भरली होती? "अत्तम्मा, मी नाही जात यंदा. इथंच खेळते," असं म्हणाली आणि चिंचेचा कोळ काढत बसली. भाऊ आला, जेवला आणि हात हलवत वरंगलला परत गेला.

"बघ, सासूवर किती जीव आहे पोरीचा!" आमचे यजमान राजलिंगम कौतुकाने म्हणाले. जीव आहे कसला, माझा जीव घ्यायला राहिलीय, असं मी मनात म्हटलं आणि पदराखाली हात झाकले.

सौजन्या वाईट मुलगी नाही. वैशाखात आमच्या वंशीशी लग्न होऊन आली, तेव्हापासून एकदा उलटून बोलली नाही. जरा अबोल आहे, आणि भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्यांचे कुडते घालते, म्हणजे चांगल्या वळणाची असणार, असं मी सगळ्यांना सांगत होते. पण ती घरात असली की मला हात उघडे टाकता येत नव्हते. मला इसब आहे. लहानपणापासून. तळव्यांना, मनगटांना, बोटांच्या बेचक्यांत. वंशीच्या लग्नात हात बरे होते, सुनेला काही कळलं नाही. पावसाळा सरता सरता असे उफाळले की भेगांमधून पाणी येऊ लागलं. बापलेकांना मी गप्प बसायला बजावलं आणि सुनेला सांगितलं, कुकरच्या वाफेचा चटका बसला. आता चटका बसून बसून किती दिवस बसणार? पण तीही बिचारी पुढे काही विचारत नव्हती.

ज्याला खाज नाही त्याला खाज म्हणजे काय हे सांगून उपयोग नसतो. "खाजवू नको गं," असं प्रेमाने म्हणणाऱ्याच्या तर मला एक ठेवून द्यावीशी वाटते. अरे, मी काय हौसेने खाजवते? आणि उपाय सांगणारे! कडुलिंबाचा पाला झाला, मोहरीचं तेल झालं. एकीने लिंबू चोळायला सांगितलं, तेव्हा मी अंगणभर नाचले. वांगं तर माझ्या ताटातून हद्दपारच झालं होतं. मसाला भरलेली वांगी समोरून जायची आणि मी दोडक्याकडे बघत बसायची.

शेवटी करीमनगरला एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी पाठीवर कसल्या कसल्या चकत्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढून बघितल्या आणि म्हणाल्या, "तुमचं वैर वांग्याशी नाहीच. शेवंतीशी आहे, आणि तिच्या जोडीला झेंडूशी. फुलं रंगवायच्या रंगालाही हात लावू नका. वांगं खुशाल खा." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. बाकीचंही त्यांनीच शिकवलं. पाणी कोमट, कढत नाही. हात टिपायचे, खसाखसा पुसायचे नाहीत. अंगची ओल आहे तोवरच व्हॅसलीन थापायचं. नखं कापलेली ठेवायची. सांगितलेलं मलम सांगितलं तेवढंच लावायचं. फारच पेटलं तर वरून ओल्या सुती पट्ट्या आणि त्यावर कोरडं फडकं. पट्ट्या गुंडाळल्या की कसं थंड, शांत वाटतं! निम्मं डोकं तिथंच ताळ्यावर येतं.

पण हे सगळं करायचं चोरून. या घरातली माझी पहिली बतुकम्मा मी जीव ओतून रचली होती. सासूने माझे हात पाहिले, परात उचलली आणि जावेच्या डोक्यावर दिली. तळ्यावर मला चपला राखायला उभं केलं. सासू गेली, पण आमच्या शेजारची कनकव्वा आहे ना! बतुकम्मा पाण्यात सोडली की आम्ही बायका एकमेकींच्या तळहातावर सत्तू ठेवतो. शेंगदाणे, तीळ आणि गूळ कुटून केलेला. कनकव्वा माझ्याकडून दरवर्षी सत्तू घेते, "वा वा, छान" म्हणते आणि मूठ मागे नेऊन गवतात सोडते. तिला वाटतं मला दिसत नाही.

यंदा माझ्या शेजारी सून उभी असणार. तिने ते पाहिलं तर? उद्या तीही माझ्या हातचं खाताना मूठ मागे नेईल. घरच्या पोरीने असं केलं तर मी कुठे जायचं? म्हणून ती माहेरी जायला हवी होती. आणि ही बया जाईना.

सणाचा शेवटचा, मोठा दिवस उजाडला. आमच्याकडे फुलं आणायची पुरुषांनी आणि रचायची बायकांनी. यजमान आणि वंशी पहाटेच माळावर जाऊन आले. अंगणात ढीग ओतला: पांढऱ्या तुऱ्यांचा कुर्डू, पिवळाधमक तरवड, बाजारातला झेंडू आणि वर टोपलीभर शेवंती. डॉक्टरीणबाईंचं शेवंतीचं बोलणं मी बापलेकांनाही सांगितलं नव्हतं. नुसत्या बघण्यानेच माझी मनगटं चुरचुरायला लागली.

"घ्या, रचा सासू-सुना मिळून," यजमान चूळ भरत म्हणाले.

"माझा गुडघा धरलाय," मी म्हटलं. "खाली बसवत नाही. सौजन्या रचेल."

"मला फुलांनी शिंका येतात, मामय्या," सौजन्या म्हणाली. "अत्तम्मांसारखी मला जमायचीही नाही."

यजमानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "मग काय मी रचू?"

"रचा की," मी म्हटलं. "हात काय सणापुरते उसने दिलेत कुणाला?"

मग जे झालं ते बघायला गल्लीने तिकीट लावायला हवं होतं. मी बाजेवर बसून हुकूम सोडत होते आणि बापलेक परातीभोवती मांडी घालून घामाघूम झाले होते. "अहो, आधी भोपळ्याची पानं! देठ आत, फुलं बाहेर! मधली पोकळी पाल्याने भरा, नाहीतर बसेल खाली!" मी घसा फोडून सांगत होते. चार थर चढले आणि बतुकम्मा ताडी पिऊन आल्यासारखी एका बाजूला कलली. तेवढ्यात भिंतीवरून कनकव्वाचं डोकं वर आलं.

"काय गं अनसूया, यंदा पुरुषांची बतुकम्मा काय? म्हणजे आता बाळंतपणंही तेच करणार?"

वंशीने मान खाली घातली. यजमान म्हणाले, "तुम्ही या ना मदतीला, कनकव्वा." डोकं लगेच खाली गेलं.

दुपारी मी पट्ट्या आणायला गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागे मी एक दोरी बांधली आहे, तिथे कुणी फिरकत नाही. माझ्या जुन्या पांढऱ्या साडीच्या पट्ट्या वाळत होत्या, आणि त्यांच्या शेजारी, त्याच दोरीवर, निळ्या फुलाफुलांच्या आणखी पट्ट्या. तेवढ्याच रुंद. तशाच फाडलेल्या. हात लावला तर तोच व्हॅसलीनचा ओशटपणा.

मी तिथेच उभी राहिले. ती निळी फुलं मी कुठे पाहिली होती? सौजन्याच्या गाऊनवर! आषाढापासून तो गाऊन दिसलाच नव्हता. मी गुडघा विसरून जिना उतरले आणि तिच्या खोलीचं दार न ठोठावताच ढकललं.

सौजन्या पलंगावर बसली होती. बाह्या खांद्यापर्यंत वर. दोन्ही कोपरांच्या खोबणीत कातडी लालभडक, जाड, खपल्या धरलेली. एका हाताला ओली पट्टी गुंडाळलेली आणि दुसरी ती दातात धरून बांधत होती. मला बघून पट्टी तोंडातून गळाली.

"अत्तम्मा... चटका बसलाय. वाफेचा."

"कुकरच्या?" मी विचारलं.

"हो."

"खोटारडी! तो चटका माझा आहे," मी म्हटलं आणि दोन्ही हात पदराबाहेर काढून तिच्यापुढे धरले.

ती बघतच राहिली. माझ्या तळव्यांकडे, मग माझ्या तोंडाकडे. "म्हणजे गच्चीवरच्या त्या पांढऱ्या पट्ट्या तुमच्या? मला वाटलं, जुनी फडकी आहेत," ती म्हणाली आणि मग हसायला लागली ती थांबेचना. मलाही आवरेना. आम्ही दोघी पलंगावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं.

"माहेरी का गेली नाहीस गं?" मी तिची सुटलेली पट्टी बांधता बांधता विचारलं.

"तिथं सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "बतुकम्मा रचायला बसले की आत्या म्हणते, तू लांब हो, फुलं बाटतील. काकू चारचौघींत बाही वर करून सगळ्यांना दाखवते. इथं यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं ना, अत्तम्मा. वाटलं, एक वर्ष तरी नीट खेळावं."

मी चपला राखत उभी होते तेव्हा मीही एवढीच होते. त्या आत्याला मनातल्या मनात मी अशा शिव्या दिल्या की इथे लिहिता येणार नाहीत.

"लिंबू चोळलंस का कधी?" मी विचारलं.

"चोळलं! घरभर पळाले!"

"आणि वांगं?"

"सहावीपासून बंद."

"उद्या करते. मसाला भरून. आधी खाऊन बघ, काही झालं नाही तर माझ्या डॉक्टरीणबाईंचे पाय धर."

बाहेर धप्पकन आवाज झाला आणि यजमान ओरडले, "पडली! मी आधीच सांगत होतो!"

आम्ही दोघी अंगणात आलो. माझ्याकडे रात्री मलमावर घालायचे सुती हातमोजे होते, त्यांतली धुतलेली एक जोडी तिला दिली, एक मी चढवली. शेवंतीची टोपली आणि सगळा झेंडू वंशीच्या हाती दिला. "जा, कनकव्वाला देऊन ये. म्हणावं, आमच्याकडून भेट." रंगाच्या पुड्या कोनाड्यातच राहू दिल्या. नुसता कुर्डू आणि तरवड. एक थर पांढरा, एक थर पिवळा. मी रचायची आणि सौजन्या आतला पाला दाबून भरायची. यजमान बाजेवर बसून आता आम्हालाच हुकूम सोडू लागले. मी म्हटलं, तुमचं तोंड बंद करा, नाहीतर तुम्हालाच शेंड्यावर बसवते. शेंड्यावर हळदीची गौरम्मा बसली तेव्हा बतुकम्मा माझ्या कमरेपर्यंत आली होती, सरळ, ताठ. परात मी सौजन्याच्या डोक्यावर दिली. गर्दीतून तळ्यापर्यंत तीच घेऊन गेली. मी मागून तिची ओढणी सावरत चालले होते.

तळ्यावर सगळ्यांच्या बतुकम्मा लाल, जांभळ्या, हिरव्या. आमचीच पांढरी-पिवळी. "यंदा रंग महागले वाटतं?" कुणीतरी म्हणालंच. म्हणू दे. आम्ही फेर धरला. मोजे घालून टाळी वाजत नाही, नुसता फटफट आवाज येतो. सौजन्या माझ्याकडे बघून हसायची आणि आणखी जोरात फटफट करायची.

ऊन कलायला आलं, बतुकम्मा पाण्यात गेल्या आणि सत्तूचे डबे उघडले. मोजे काढावेच लागले, मोज्यांनी प्रसाद कसा द्यायचा? कनकव्वा नेमकी समोर होती.

"अगबाई! अनसूया, यंदा हे केवढं वाढलंय गं हाताला? हे लागतं ना गं दुसऱ्याला?" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की चार घोळक्यांनी माना वळवल्या.

घरी माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तिथे मात्र मी एक पाऊल मागे सरले. डबा हातात, हात छातीशी. बायका बघत होत्या.

तेवढ्यात एक तळहात माझ्यापुढे आला. सौजन्याचा.

"अत्तम्मा, मला आधी."

मी चिमूटभर ठेवला. तिने तो तोंडात टाकला, तळहात चाटला आणि परत पुढे केला. "एवढासाच? मामय्यांना बतुकम्मा रचायला लावली तेव्हा तर मन एवढं मोठं होतं." मग तिने कनकव्वाकडे वळून सगळ्यांदेखत कुडत्याची बाही कोपरावर सारली. "बघा अव्वा, मलाही आहे. लागणारं असतं तर मी म्हटलं असतं की सासूकडून लागलं. पण मी तर हे माहेरून घेऊन आलेय. आता आमची जोडी छान जमली."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. एकेक तळहात माझ्यापुढे येऊ लागला आणि मी देत गेले. उघड्या हाताने, भेगांसकट. शेवटी राहिली कनकव्वा. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिने हात पुढे केला. मी मुद्दाम भरपूर सत्तू ठेवला आणि डोळे तिच्या मुठीवर रोखले. मूठ जरा मागे सरकली. मग थांबली. मग तोंडाकडे गेली. तिने चावलं, गिळलं, आणि नाक मुरडलं.

"गूळ कमी पडलाय तुझा," कनकव्वा म्हणाली.

"गूळ कमी पडलाय म्हणे!" मी सौजन्याचा हात घट्ट धरला आणि ओरडलेच, "ऐकलंस? हिला खाऊन कळलं!"