न दिसणारं कुंपण

सखूबाईचं लुगडं फाडलं तारेनं आणि बोलणी खाल्ली साळूनं.

"गो साळू, झाडीत तार लपवून ठेवतं का कोन?" लुगड्याची वीतभर चीर दोन्ही हातांनी ताणून सखूबाई अख्ख्या आळीला दाखवत होती. "पोर बाळंत झालीय. तिच्या न्हान्यासाठी निरगुडीचा पाला काढाय गेले. चोरी कराय नाय गेले."

"मावशी, तां आमचं कुंपन हाय."

"कुंपन हाय? मंग तां दिसाया नको?"

 हाच प्रश्न साळू आषाढापासून नवऱ्याला विचारत होती.

नवरा काशिराम नव्या पनवेलला अविनाशसाहेबांच्या बंगल्यावर बागकाम करायचा. साहेबांच्या पत्नी कुमुदबाईंनी मागच्या अंगणाची तार झुडपांत अशी दडवून घेतली होती, की बघणाऱ्याला तिथे रानच वाटावं. "काशिराम, कुंपण असावं पण दिसू नये. एकदम नॅचरल वाटलं पाहिजे," असं बाई एकदा म्हणाल्या, आणि ह्या बाबानं ते वाक्य उरलेल्या काटेरी तारेच्या भेंडोळ्यासकट घरी आणलं.

साळूच्या परसात लाल माठ आणि मुळा. रोज सकाळी पाटी डोक्यावर घेऊन ती खांदा कॉलनीत दारोदार फिरायची. घरात तिचं म्हणून जे काही होतं, ते ह्या चार वाफ्यांवर. त्यांच्या भोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण असायचं. दिसायला ओंगळ, दर वर्षी नवं घालावं लागणारं, पण शेजारच्या गोरखच्या शेळ्या त्याच्याकडे बघून लांबूनच वळायच्या. काशिरामनं ते उपटून चुलीत घातलं. दोन पदरी तार ताणली आणि तिला झाकायला निरगुडीच्या फांद्या खोचल्या.

"अवो, कुंपन दिसलंच नाय, तं शेळीला कळंल कसं?" साळू म्हणाली होती.

"तुला त्यातलं काय कळतंय? निरगुडीला शेळी तोंड लावीत नाय."

तेवढं मात्र खरं होतं. पावसात निरगुडी अशी फोफावली, की दिवाळीपर्यंत कमरेच्या वर गेली आणि तार गडप झाली. काशिराम संध्याकाळी रस्त्यावर उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून विचारायचा, "कुंपन दिसतंय का रे?" कोणी "नाय" म्हटलं, की गडी खूश. आम्हाला हसू यायचं, पण साळूच्या तोंडाकडे बघून आम्ही ते गिळायचो.

गोम इथेच होती. आमच्या गावात कोणी लावलेल्याला कोणी हात लावत नाही, मालकाला विचारल्याशिवाय एक मिरचीसुद्धा तोडत नाही. पण आपोआप उगवलं ते सगळ्यांचं. काशिरामचं कुंपण इतकं रानासारखं झालं, की गाव त्याला रानासारखंच वागवायला लागलं. म्हाताऱ्या गुरुदत्तच्या गुडघ्यांना शेक हवा, तोडा निरगुडी. भात भरलं, कीड लागू नये म्हणून कणगीत पाला घालायला हवा, तोडा निरगुडी. बघता बघता एका जागी तारेखाली भगदाड पडलं, आणि एका दुपारी गोरखच्या शेळ्यांनी माठाचे दोन वाफे बुडापर्यंत साफ केले.

साळू उरलेल्या देठांशेजारी मातीतच बसली. चार दिवसांनी काढायचा माठ होता. भांडायचं तरी कोणाशी?

"शेळ्यांना काय ठावं?" गोरख म्हणाला. "त्यांना रान दिसलं, त्या गेल्या."

"उद्याच्या उद्या काटं आना," तिनं नवऱ्याला सांगितलं.

"येडी हायस का? बाई मैत्रिनीला घेऊन आपलं कुंपन बगाय येनार हायत."

"मंग शेळ्यांना कसं अडवायचं, तां पन बाईंनाच इचारा."

त्यावर आठवडा जातो न जातो, तो सखूबाईचं लुगडं फाटलं.

सखूबाईच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. साळूनं लुगडं मागून घेतलं, बारीक टाके घालून शिवलं, धुतलं आणि दुसरीकडे जागा नव्हती म्हणून त्या भगदाडावरच वाळत टाकलं. शेळ्या आल्या. वाऱ्यानं लुगडं फडफडलं, तशा त्या बुजून मागे सरल्या. पाला न्यायला आलेल्या दोघीजणी लुगडं ओळखून आल्या तशाच परत फिरल्या. सखूबाईच्या लुगड्याजवळ हात नेण्याची छाती कोणाची? संध्याकाळी साळूनं पाहिलं, दिवसभरात एक डहाळी मोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं लुगडं परत दिलं, आणि तेव्हापासून साळूचं सगळं धुणं कुंपणावर. नऊवारी, पोरांचे सदरे, फाटकी गोधडी, काशिरामची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. वाळलं तरी काढायची नाही, ओलं करून पुन्हा टाकायची. काशिराम चिडला, जेवला नाही. माठ मात्र पुन्हा बोटभर वर आला.

आणि कुमुदबाई मैत्रिणीला घेऊन आल्या. काशिराम घाईघाईनं आधी चड्डी ओढायला धावला.

"हात लावू नका," साळू दारातून म्हणाली. तो तसाच थांबला.

बाईंनी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं धुणं पाहिलं. "काशिराम, अरे, कुंपण कुठाय?"

काशिरामला जमिनीत जावंसं वाटलं. साळू पुढे झाली. "बाई, कुंपन दिसाया नको, असं तुमीच बोललात ना? बगा, दिसतंय का कुठं?"

मैत्रीण पदर तोंडाला लावून हसली. काशिराम मागे मागे सरत रस्त्यावर गेला आणि रोजच्या जागी उभा राहून त्यानं पाहिलं. खरंच दिसत नव्हतं.