हॅल्बर्ट काउंटीच्या हिरव्या वह्या

हॅल्बर्ट काउंटीच्या विवाहनोंदणी कार्यालयाने वाश्ती प्रुइट यांना पाठवलेले पत्र तीन वाक्यांचे आहे. ‘सन १९४७ पासून या काउंटीतील सर्व विवाहांची नोंद, वर्णभेद न करता, एकाच नोंदवहीत करण्यात आली असून ती नोंदवही संपूर्ण व सुस्थितीत आहे. तीत आपला व कै. क्लिओफस प्रुइट यांचा विवाह आढळत नाही. सबब, असा विवाह या काउंटीत झालेला नाही.’

ती ‘संपूर्ण व सुस्थितीतील’ नोंदवही मी तीन दिवस बसून वाचली. १९४७ ते १९६३ या काळात तीत दोन हजार एकशे चौदा विवाह आहेत. त्यांत कृष्णवर्णीय जोडपे एकही नाही. या काउंटीची निम्मी वस्ती तेव्हा आमची होती. आमची अकरा चर्चे होती आणि आमच्या शाळांचे हजेरीपट मुलांच्या नावांनी ओसंडत होते. नोंदवहीवर विश्वास ठेवायचा, तर आमच्या आईबापांनी सोळा वर्षे कापूस वेचला, कर भरले, कोरियात जाऊन मेले, मुले वाढवली आणि त्या मुलांना ज्या चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा दिला, त्याच चर्चमध्ये लग्न करायचे तेवढे विसरले. १९६४ साली, अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला तेव्हा, एकाएकी त्यांना आठवण झाली. त्या वर्षापासून आमची नावे वहीत सापडतात.

वाश्तीमावशींचे वय सत्त्याऐंशी. चर्चने चालवलेल्या वृद्धाश्रमात त्या खिडकीजवळच्या खाटेवर असतात. हृदय थकले आहे आणि डॉक्टर आता महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची बोलतात. क्लिओफस सैनिकांच्या राष्ट्रीय दफनभूमीत आहेत. तेथील रिवाज असा की पत्नीला पतीच्याच थडग्यात जागा मिळते आणि तिचे नाव त्याच दगडाच्या मागल्या बाजूला कोरतात. क्लिओफस यांच्या दगडाची मागली बाजू अठ्ठावीस वर्षे कोरी आहे. ती कोरली जावी यासाठी विवाहाचा दाखला लागतो. मूळ दाखला १९५८ साली सैन्याकडे पाठवला होता. तो परत आला नाही, आणि सैन्याच्या दप्तराने केव्हाच हात वर केले आहेत.

‘‘चार मुलं काढली त्याच्याबरोबर,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘आणि आता हे म्हणतात, बाई, तुम्ही कोण? त्या दगडाची पाठ माझी आहे, मास्तरीणबाई. तू शिकलेलीस ना एवढी? मग मिळवून दे.’’

लग्नाच्या परवान्याची हकिकत त्यांनी मला दोनदा सांगितली. दोन्ही वेळा तपशील सारखे होते. शनिवारी सकाळीच जायचे. पुढच्या दाराने नाही, कोळशाच्या खोलीशेजारच्या खिडकीपाशी. लग्नासाठी तेव्हा सक्तीचा असलेला रक्ततपासणीचा कागद द्यायचा, मग कारकून खिडकीतून एक हिरवी वही पुढे सरकवी आणि तीत दोघांनी सही करायची. परवान्याचा खालचा भाग लग्नानंतर पास्टरने भरून तीस दिवसांत परत आणायचा, म्हणजे नोंद पुरी झाली. लग्न लावणाऱ्या रेव्हरंड टिल्मन यांनी तो सोमवारीच नेऊन दिला होता, कारण तीस दिवसांचा भरवसा त्यांनी कोणत्याच कार्यालयाबाबत कधी धरला नाही. सही करताना शाई सांडून मावशींचा पांढरा हातमोजा डागाळला होता. क्लिओफस म्हणाले होते, आता तू पळून गेलीस तरी ओळखू येशील.

म्हणजे हिरवी वही होती. मी कार्यालयात गेले.

कार्यालयाचे प्रमुख डॅरेल स्टोव्हॉल हे नम्र गृहस्थ आहेत. नम्रतेइतके भक्कम दार मी दुसरे पाहिलेले नाही. माझे सगळे आकडे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. सोळा वर्षांत आमचे एकही लग्न नाही, हे त्यांना विचित्र वाटत नाही का, असे मी विचारले. वाटते, असे ते म्हणाले. मग, १९४७ पासून एकच वही असल्याचे या कार्यालयाला सांगितले कोणी, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी मागे वळून कपाटातून एक पुस्तक काढले. त्यात खुणेची पट्टी आधीच घातलेली होती.

‘‘तुम्हीच, प्रोफेसरबाई,’’ ते म्हणाले.

ते पुस्तक माझे होते. हॅल्बर्ट काउंटीतील कृष्णवर्णीयांचा इतिहास, १९८८. माझा पहिला ग्रंथ, आणि या काउंटीत आमच्यापैकी कोणी लिहिलेलाही पहिलाच. पृष्ठ १४३, तळटीप २७: ‘१९४७ च्या आगीत कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र विवाहवह्या नष्ट झाल्या. त्यानंतर काउंटीने सर्वांसाठी एकच नोंदवही ठेवली.’ आधार म्हणून कार्यालयाच्या तत्कालीन कारकुनाचे नाव दिलेले होते. कारकुनाचा आधार घेऊन मी लिहिले होते आणि माझा आधार घेऊन कार्यालय पत्रे पाठवत होते. तेहतीस वर्षांत एक्केचाळीस माणसांना या पानाची छायाप्रत पाठवून परतवून लावले होते. ती यादीही स्टोव्हॉल यांनी मला दाखवली. अगदी निगुतीने ठेवलेली होती. तीतली सात नावे माझ्या ओळखीची होती.

जुनी दप्तरे ठेवायच्या तळघराबद्दल मी विचारले. मग त्यांनी दुसरा कागद आणला. २००९ साली तळघरात नळ फुटला होता. तेव्हा टाकून दिलेल्या वस्तूंची ती यादी होती. मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे डबे यांच्या मध्ये एक ओळ: ‘हिरव्या वह्या, सहा. विवाह, कृष्णवर्णीय, १९३१–६३. ओल्या. दप्तरात उल्लेख नाही.’ खाली सही स्टोव्हॉल यांची.

‘‘म्हणजे त्या जळाल्याच नव्हत्या,’’ मी म्हणाले.

‘‘नाही.’’

‘‘आणि तुम्ही त्या टाकल्यात.’’

‘‘शोधून पाहिलं होतं की मी. वर कार्यालयातल्या यादीत नाहीत, तुमच्या पुस्तकात जळाल्या म्हणून लिहिलंय. ज्या वह्या नाहीतच, त्या वाळवायच्या कशाच्या आधारावर?’’ पुस्तक त्यांनी हलकेच माझ्याकडे सरकवले. ‘‘आमच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं तुमच्या लोकांनीच सांगितलं ना आम्हाला? म्हणून आम्ही तुमच्यावर ठेवला.’’

कार्यालयाच्या भिंतीवर काउंटीच्या दीडशेव्या वर्धापनदिनाचे मानपत्र लटकत होते. त्याचा मजकूर मीच लिहून दिला होता.

त्याच दुपारी मी मावशींकडे गेले आणि सगळे सांगितले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. झोप लागली की काय, अशी मला शंका आली. माझे पुस्तक त्यांच्याही खोलीत होते. वर सरकवलेली खिडकी वर राहत नसे, म्हणून ते त्यांनी तिच्याखाली उभे करून ठेवले होते.

‘‘चर्चच्या विक्रीत घेतलं होतं,’’ डोळे न उघडता त्या म्हणाल्या. ‘‘वाचायचं राहून गेलं. बरंच झालं म्हणायचं.’’

मी क्षमा मागायला लागले, तेव्हा त्यांनी हात हलवून मला थांबवले. त्यांच्या वकिलाने त्यांना सर्व समजावून दिले होते. नोंद हरवली असेल, तर न्यायाधीश साक्षींच्या आधारे विवाह मान्य करून नवा दाखला देऊ शकतो. रेव्हरंड टिल्मन यांची मुलगी कोरडीलिया त्या लग्नात दहा वर्षांची असताना फुले घेऊन उभी होती. ती साक्ष द्यायला तयार आहे. परंतु काउंटीचा वकील पृष्ठ १४३ पुढे करील आणि म्हणेल, दुसरी वही कधी नव्हतीच, आणि होत्या त्या एका वहीत यांचे नाव नाही. वह्या टाकल्याची यादी तेवढी पुरेशी नाही. ओल्या, न उघडलेल्या वह्यांवरची वर्षे चुकीची असू शकतात, असे त्याने आधीच लेखी कळवले आहे. पुस्तक लिहिणारी जिवंत आहे. ती स्वतः ते वाक्य शपथेवर मागे घेते की नाही, यावर न्यायाधीशापुढची गुरुवारची सुनावणी उभी होती.

‘‘मला माफीबिफी नकोय,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘आईला तुझ्या मी ओळखत होते, गं. त्या खिडकीपाशी रांगेत ती माझ्या आधी पाच वर्षं उभी राहून गेली. तू मला फक्त लिहून दे. आणि अर्धं नको लिहूस.’’

आईचे नाव त्यांनी का काढले, हे मला समजले. पहिला मसुदा मी फाडला. त्यात माझ्या अननुभवाचा उल्लेख होता, १९८८ साली उपलब्ध असलेल्या साधनांच्या मर्यादांवर एक परिच्छेद होता आणि कारकुनाच्या अप्रामाणिकपणाविषयी एक चांगले वाक्य होते. दुसरा मसुदा लहान होता. गुरुवारी न्यायालयात तो असा वाचून दाखवण्यात आला:

‘मी, लिओंटाइन मॅब्री, शपथेवर सांगते की माझ्या पुस्तकातील तळटीप २७ असत्य आहे. जून १९८८ मध्ये मी कारकुनाला स्वतंत्र वह्यांविषयी विचारले. त्या आगीत गेल्या आणि नंतर एकच वही झाली, असे तो म्हणाला, आणि तळघराकडे बोट दाखवून त्याने पुढे म्हटले, “हवं तर खाली बघा.” दार उघडे होते आणि खाली दिवा लागलेला होता. मी गेले नाही. काउंटीने समतेचे पहिले पाऊल उचलले, असे वाक्य मला त्या प्रकरणाच्या शेवटी हवे होते, आणि खाली गेले असते तर ते मला लिहिता आले नसते. माझ्या आईवडिलांचे लग्न १९५२ चे. ते मी त्या एका वहीत आधीच शोधले होते. ते तीत नव्हते.’