सकाळी आठचा सामना

एका हॉकीच्या सामन्याची वेळ ठरवता ठरवता त्या वर्षी माझे जोडे झिजले. सोलापुरात आमची दोन हायस्कुलं, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ऑलिंपिकात आपली टीम जिंकून आल्यापासून तर पोरांच्या अंगात हॉकीच शिरली होती. दर जानेवारीत दोन्ही शाळांचा एक सामना व्हायचा आणि तो ठरवायचं काम ड्रिलमास्तरांचं. आमच्याकडून मी, जोतीराम, तिकडून निंगप्पा. दोन वर्षांमागं पोरांच्या काठ्या चेंडू सोडून डोक्यांवर पडल्या, तेव्हापासून एकमेकांच्या शाळेचं फाटक ओलांडायची आम्हांला बंदी होती. म्हणून शाळा सुटल्यावर स्टेशनासमोरच्या हॉटेलात बसायचं, चहा प्यायचा, वाद घालायचा आणि उठायचं. भांडण हेडमास्तरांचं, पायपीट आमची.

निंगप्पा अक्कलकोटाकडचा. तरुणपणी आम्ही दोघं रेल्वेच्या टीममध्ये फुलबॅक होतो. तो उजवीकडं, मी डावीकडं.

"सतरा तारीख?" मी विचारलं.

"गड्ड्याची जत्रा हाय की. पोरं पाळण्यात बसतील का खेळतील?"

"मग चोवीस. नेहमीसारखं संध्याकाळी पाच."

"चोवीस चालतंय. पन सकाळी आठ."

सकाळ! आमचा सामना जन्मात कधी सकाळी झाला नव्हता. मैदान तरी कुठं शाळेचं होतं? सकाळी तिथं पद्मसाळी विणकरांची पाजणी चालायची. खुंटाखुंटांना सुताचे लांबच लांब ताणे बांधायचे आणि ऊन चढायच्या आत त्यांना खळ लावायची. संध्याकाळी फक्त खुंट उरायचे, ते उपटून बाजूला ठेवायचे की मैदान आमचं.

"सकाळी तितं सूत असतंय, म्हाईत न्हाय का तुला?"

"म्हाईत हाय. चेंडू तुला पायजे तो घे, बाजू पायजे ती घे. टॉस बी तूच जिंकलास असं धर. पन येळ सकाळची."

अशा तीन बैठका झाल्या. माणूस एवढं फुकट देऊन टाकतोय म्हणजे यात काहीतरी काळंबेरं असणार, असं मी धरून चाललो. तिसऱ्या बैठकीला दिवेलागण झाली होती. चहा बशीत ओतताना त्यानं अर्धा टेबलावर सांडला. मी म्हटलं, "म्हातारा झालास, निंगप्पा." तो हसला नाही. मला तेव्हाही काही कळलं नाही, इतका मी शहाणा.

शेवटी वैतागून मी कमलम्माकडं गेलो. पाजणीवाल्यांत तिचा शब्द चालायचा. ती नाही म्हणाली की सकाळचा विषयच मिटला, असा माझा डाव.

"एक दिवस देते की," ती लगेच म्हणाली. "निंगप्पा मास्तरसाठी देते."

"त्याच्यासाठी का म्हणून?"

"तुमाला माहीत नाई? दिवस बुडला की त्यांना काई दिसत नाई. दिवाळीत आमच्या खुंटाला धडकून पडले. तवापासून रोज संध्याकाळी ते घरी निघाले की मी हात धरून मैदानापलीकडं सोडते. कुनाला सांगू नका म्हनले होते. तुमी त्यांचे दोस्त म्हनून सांगितलं."

मी तिथंच खुंटावर टेकलो. आमच्या सामन्यात पंच बाहेरचा नसे. अर्ध्या मैदानात मी शिट्टी वाजवायची, अर्ध्यात त्यानं. पाचला सामना सुरू झाला की शेवटची वीस मिनिटं अंधूक उजेडात जायची. तेवढ्यात एखादा फाऊल सुटला की सगळ्या सोलापुरासमोर निंगप्पाचं बिंग फुटणार. आंधळा ड्रिलमास्तर कोण ठेवतो? पेन्शनीला चार वर्षं राहिली होती आणि घरात त्याची बायको सोजरबाई अंथरुणाला खिळलेली. शिट्टी दुसऱ्याला दे म्हणावं, तर का म्हणून शाळा विचारणार. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांसमोर उभा राहिलो.

"सकाळी? ते म्हणतात म्हणून? मुळीच नाही," ते म्हणाले. "त्यांचं कारण काय, ते आधी सांगा."

खरं कारण कळलं असतं तर त्यांनी ते आनंदानं गावभर केलं असतं. मी थकलो होतो. दुसरी थाप सुचेना.

"त्यांचं न्हाय सर, कारण माझं हाय. मला संध्याकाळी दिसंनासं झालंय."

हेडमास्तरांनी कोरा कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "ठीक आहे. सामना सकाळी घेऊ. मी तसं पत्र पाठवतो. पण शिट्टी तुम्ही वाजवायची नाही. टीमही आता दुसऱ्या मास्तरांकडं द्या. तुम्ही सकाळची ड्रिल तेवढी बघा."

गळ्यातली शिट्टी काढून मी टेबलावर ठेवली. अठरा वर्षं गळ्यात होती. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

चोवीस तारखेला मैदानावर एकही ताणा नव्हता, नुसता खळीचा वास होता. मी लिंबाखाली बसून सामना बघितला. आमचा एक गोल निंगप्पानं रद्द केला, आणि तो बरोबर केला, मेल्यानं. आम्ही एका गोलनं हरलो.

बक्षीससमारंभ संध्याकाळी मैदानाशेजारच्या मांडवात झाला. भाषणं संपेस्तोवर दिवस बुडाला. बाहेर पडलो तर निंगप्पा मैदानाच्या कडेला उभा होता. दुसऱ्या दिवशीच्या पाजणीसाठी खुंट परत रोवून झाले होते आणि पलीकडं कमलम्मा त्याची वाट बघत होती.

"जोतीराम का रे?" पावलं ऐकून त्यानं विचारलं.

"व्हय."

"तुमच्या हेडमास्तरांचं पत्र आमच्या हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. शिट्टी गेली म्हणं तुझी." त्यानं मान माझ्या आवाजाकडं वळवली. "कवापासून दिसत न्हाय तुला?"

"दिवाळीपासून," मी म्हणालो.

मग अंधारात त्यानं हात पुढं केला.

"धर. पलीकडं सोडतो तुला."

मी हात धरला आणि त्याच्या अर्धं पाऊल पुढं चालू लागलो. आम्हांला बघून कमलम्मा मागं फिरली.

"खुंट आला की सांग," निंगप्पा म्हणाला.