पिलजूला मारू नका

बोकहीच्या पार्लरमध्ये गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन वाजता सगळी कामं थांबत. कुणाच्या डोक्याला रोलर लावलेले असोत की कुणाचे केस बेसिनमध्ये ओले असोत, टीव्हीवर ‘गोदी ठाणे’ मालिका सुरू झाली की कात्री खाली. भाग खरं तर आदल्या रात्रीच लागून गेलेला असे, पण पहाटे बाजार गाठणाऱ्या या बायका रात्री नऊलाच आडव्या होत. त्यांच्यासाठी दुपारचा हाच खरा भाग. ज्यांनी रात्री जागून पाहिलेला असेल त्यांनी तोंड उघडायचं नाही, असा पार्लरचा नियम होता.

“मी काही सांगत नाही,” मासळीवाली जोमरे म्हणायची, “फक्त रुमाल जवळ ठेवा एवढंच.”

“म्हणजे सांगितलंसच की गं भवाने,” बोकही म्हणायची.

ओकबुन बेसिनपाशी उभी राहून बघायची. पार्लरमध्ये केस धुण्याचं काम तिच्याकडे होतं. वय त्रेसष्ट, बोलणं कमी. मालिका होती पोलिसांच्या लाचखोरीवर. बंदरावरचं एक ठाणं, तस्करांकडून पाकिटं घेणारा निरीक्षक, आणि गुन्हा कुणाच्या तरी गळ्यात मारायचा म्हणून उचलून आणलेली गरिबाघरची पोरं. बायका बघताना चुकचुकत, निरीक्षकाला शिव्या घालत. मालिकेत अन्याय नुसता चालूच राहिला की प्रेक्षक म्हणायचे, घशात रताळं अडकलं. दुष्टाला एकदाची चपराक बसली की म्हणायचे, थंडगार सोडा मिळाला. ‘गोदी ठाणे’चे पहिले कितीतरी भाग नुसतं रताळंच होतं.

ओकबुनच्या घशातलं रताळं अकरा वर्षांचं होतं. तिचा ग्युचान बावीस वर्षांचा असताना बंदरावरचं एक गोदाम जळालं, आतला राखणदार गेला, पोलिसांनी ग्युचानला उचललं आणि चौथ्या दिवशी त्याने आग लावल्याची कबुली दिली. मधले तीन दिवस त्याला कुणी झोपू दिलं नव्हतं. शिक्षा वीस वर्षांची झाली. तोवर गल्लीत सगळे तिला ‘ग्युचानची आई’ म्हणायचे, जशी प्रत्येक बाई तिच्या थोरल्याच्या नावाने ओळखली जाते तशी. निकाल लागला आणि ते नाव गल्लीने हळूच बंद केलं. वाईट हेतूने नव्हे, तिला लागू नये म्हणून. आता ती नुसती ‘ताई’ होती.

फेरसुनावणीचा पहिला अर्ज कोर्टाने फेटाळला होता. वकीलबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, “मावशी, ठाण्याच्या आतला माणूस बोलल्याशिवाय दुसऱ्या अर्जात दम नाही. आणि तिसरा अर्ज मी करू शकणार नाही.”

आतला माणूस ओकबुनला माहीत होता. बोकहीचा नवरा ग्वांगसिक त्या काळात त्याच ठाण्यावर शिपाई होता. आता निवृत्त होऊन तो निवृत्त पोलिसांच्या मंडळाबरोबर दर रविवारी डोंगर चढायला जायचा. बोकहीने ओकबुनला कामावर का ठेवलं, हे दोघींपैकी कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. आणि ओकबुननेही त्याला कधी विचारलं नव्हतं. ती रोज पहाटे अंगणात स्वच्छ पाण्याचा वाडगा ठेवायची, देवळाच्या दिशेने एकशे आठ दंडवत घालायची आणि मग कामाला यायची. शंभर दिवसांचं व्रत संपलं की दुसरं शंभर दिवसांचं धरायची. मागणं एकच असे.

आठव्या भागाच्या दुपारी ग्वांगसिक खुर्चीत बसला होता. बोकही त्याचे पांढरे केस काळे करत होती. पडद्यावर उचलून आणलेल्या पोराच्या तोंडावर ओला टॉवेल टाकला गेला आणि पिलजू नावाचा कोवळा शिपाई दाराला पाठ लावून उभा राहिला. त्याचं काम एवढंच, दार धरून ठेवायचं. कॅमेरा पोराकडे गेलाच नाही, पिलजूच्या तोंडावरच थांबून राहिला.

“बघ कसा उभाय मेला खांबासारखा,” जोमरे म्हणाली.

ग्वांगसिक उठला आणि गळ्यातल्या कापडासकट रस्त्यावर गेला. बोकही ब्रश हातात धरून तशीच उभी राहिली. ओकबुन टॉवेल घेऊन त्याच्या मागे गेली. तो कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला टेकला होता आणि काळा रंग कानावरून ओघळून सदऱ्यात शिरत होता. तिने त्याची मान पुसायला घेतली.

“ग्युचानची आई,” तो म्हणाला. अकरा वर्षांत ते नाव तिने पहिल्यांदा ऐकलं. “दार मी धरलं होतं.”

ती पुसत राहिली. हात थांबला तर तो बोलायचा थांबेल असं तिला वाटलं.

“तिन्ही रात्री मीच. साहेबांनी सांगितलं, कुणाला आत सोडू नको. मी नाही सोडलं.”

“हे कागदावर द्याल, भावोजी?”

त्याने मान हलवली.

तीन दिवसांनी तो खरोखरच वॉर्ड ऑफिसात गेला आणि सहीऐवजी वापरायच्या आपल्या मोहोरेचा नोंदणी दाखला घेऊन आला. मोहोर आणि तो दाखला, दोन्ही असल्याशिवाय अशा कागदाला कुणी विचारत नाही. वकीलबाईंनी जबानी टाईप करून पाठवली. ग्वांगसिकने ती चष्मा लावून दोनदा वाचली, एक तारीख दुरुस्त केली आणि गल्ल्याखालच्या खणात ठेवली.

“शेवटचा भाग होऊ दे, ताई,” तो म्हणाला. “मग मारतो मोहोर.”

“मालिकेचा आणि याचा काय संबंध?” बोकहीने विचारलं.

“संबंध काही नाही. पिलजूचं काय होतं ते बघू दे मला.”

ओकबुनला संबंध लख्ख कळला. आता पिलजू मालिकेतही डळमळायला लागला होता. साहेबांविरुद्ध तोंड उघडावं की नाही, या काळजीत तो भागागणिक सुकत चालला होता. आणि जोमरेने एके दिवशी मासळीची पाटी खाली ठेवता ठेवता बातमी आणली की शेवटच्या भागात पिलजूला समुद्रात बुडवून मारणार आहेत.

“छापून आलंय. नुसतं रताळं देऊन संपवणार हे लोक,” ती म्हणाली. “मी लिहिणारे वाहिनीच्या पानावर.”

“लिहून काय होतं?” ओकबुनने विचारलं.

“काय होतं म्हणजे? अहो ताई, हे आठवड्याच्या आठवड्याला शूटिंग करतात, शेवट अजून लिहूनसुद्धा झाला नसेल. गेल्या वर्षी त्या डॉक्टरणीचं लग्न कुणी लावून दिलं? आम्ही. चार हजार जणींनी लिहिलं, लावलं निमूट.”

ओकबुन थोडा वेळ टॉवेलच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, “माझं लिहाल?”

जोमरेने बोटं अॅप्रनला पुसली आणि फोन काढला. “सांगा.”

“पिलजूला मारू नका,” ओकबुन म्हणाली. “त्याला कोर्टात उभं करा. तो खरं बोलेल. निरीक्षकाला बेड्या पडू द्या. आणि तो मुलगा...” ती थांबली. “त्या मुलाला घरी जाऊ द्या.”

“एवढंच?”

“एवढंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याखाली सहाशे जणांनी ‘हेच हवं’ असं लिहिलं होतं. आठवड्यात पान नुसतं त्याच वाक्याने भरून गेलं. पिलजूच्या चाहत्यांनी शूटिंगच्या जागी सगळ्यांना फुकट कॉफी पाजणारी गाडी पाठवली आणि तिच्यावर फलक लावला, ‘पिलजूला मारू नका.’ जोमरेने फोटो दाखवला तेव्हा पार्लरमधल्या बायकांनी ओकबुनच्या पाठीवर थापा मारल्या.

“आमच्या ताईंचे शब्द बघा, गाडीवर चढले.”

“आता सही घेऊन ठेवा त्यांची.”

ओकबुन लाजून हसली. त्या पंधरवड्यात तिने पहाटेच्या दंडवतात मागणंही बदललं होतं. मनात जरा अपराधी वाटलं, की खोट्या माणसासाठी देवाकडे शब्द टाकतेय. पण मालिकेतला पिलजू तरला तर इथला हा म्हाताराही तरेल, आणि याचा हात धरून ग्युचान. देवाला एवढी साखळी समजत असणार.

शेवटच्या भागाच्या दुपारी पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ग्वांगसिक पुढच्या खुर्चीत बसला होता. आणि सगळं तसंच झालं. पिलजू कोर्टात उभा राहिला, घाम पुसला आणि बोलला, एकेका रात्रीचं बोलला. निरीक्षकाचे हात मागे गेले. तुरुंगाचं फाटक उघडलं, पोरगा बाहेर आला, आणि सुटून आलेल्याला खाऊ घालतात तसा पांढऱ्या टोफूचा तुकडा त्याच्या आईने त्याच्या तोंडाला लावला. पार्लरमध्ये सगळ्या रडत होत्या. ग्वांगसिक तर खांदे हलवून हुंदके देत होता. ओकबुनलाही आवरलं नाही. बोकहीने समोरच्या दुकानातून खरोखरच सोड्याच्या बाटल्या मागवल्या आणि जोमरे बाटली उंच धरून म्हणाली, “घ्या, सोडा मागितलात, सोडा आला.”

बायका पांगल्यावर ओकबुनने शेवटचं बेसिन घासून काढलं, हात कोरडे केले आणि खणातून जबानी काढून ग्वांगसिकच्या पुढ्यात ठेवली. शाईची डबीही ठेवली.

त्याने कागदाकडे पाहिलं. त्याचा चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ दिसत होता.

“ताई,” तो म्हणाला, “खरं सांगू का, अकरा वर्षांत छाती अशी मोकळी झाली नव्हती. मीच कोर्टात उभा राहून सगळं बोलून आलो असं वाटतंय.”

“बोललात नाही, भावोजी. अजून बोलायचंय.”

“काय राहिलंय आता? सगळ्या देशाने बघितलं. पोलीस कसे असतात, दाराशी उभा राहणारा कसा मरतो आतल्या आत. लहान पोरंसुद्धा आज तेच बोलतायत.”

“ग्युचान आत आहे.”

“ते आहेच,” तो म्हणाला, आणि खरंच हळहळला. मग जरा पुढे झुकला. “सकाळी आमच्या त्या वेळच्या साहेबांचा फोन आला होता. आपल्या मंडळाचे अध्यक्ष आहेत ना आता ते. त्यांनी रात्रीच बघितला. रडले म्हणाले. म्हणाले, ग्वांगसिक, काय नालायक माणूस होता रे तो निरीक्षक.”

ओकबुनला वाटलं आता तो हसेल, किंवा थुंकेल, निदान बायकोकडे तरी बघेल. त्याने तसं काही केलं नाही. त्याला साहेबांचं रडणं पटलं होतं.

“अशा माणसाला या वयात कोर्टात ओढायचं,” तो म्हणाला, “माझा हात नाही उचलत, ताई. जबानी आली त्या दिवशी उचलला असता. त्या दिवशी मला झोप येत नव्हती.”

बोकही गल्ल्याशी पाठमोरी उभी राहून कंगवे पुसत होती. पुसलेलेच पुन्हा पुसत होती. “ताई, उद्या सुट्टी घ्या हवी तर,” ती न वळता म्हणाली.

ओकबुनने शाईच्या डबीचं झाकण लावलं. मोहोरेची जागा कोरीच राहिलेला कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला, कारण तो वकीलबाईंना परत द्यायला हवा होता. पिलजू समुद्रात गेला असता तर, हा विचार तिला बसथांब्यावर आला. बुडला असता, तर हा माणूस रात्रभर तळमळला असता आणि सकाळी मोहोर घेऊन दारात उभा राहिला असता. पण तिने शेवट गोड मागितला होता. लोकांकडे मागितला, देवाकडे मागितला. दोघांनीही दिला.

सोमवारी ती तुरुंगात भेटीला गेली. काचेपलीकडे ग्युचान आला तो कधी नव्हे तो हसत. भेट दहा मिनिटांची असते, आणि तो पहिल्या मिनिटापासूनच बोलत सुटला.

“आई, शेवटचा भाग बघितलास? आमच्या कोठडीत सगळ्यांनी बघितला. पिलजू बोलायला लागला तशी टाळ्या पडल्या बघ. तो म्हातारा चोर आहे ना, तो तर ढसाढसा रडला. पहारेकरीसुद्धा दारात उभा राहून बघत होता.”

“बघितला रे.”

“चांगला केला ना शेवट?”

“चांगला केला.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याचं हसू उतरलं. मागच्या भेटीत तिने सांगितलेल्या मोहोरेचं काय झालं ते त्याने विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. काचेवर दोघांचे श्वास धरत होते आणि विरत होते. पाटीवरचे आकडे तीन मिनिटं उरल्याचं दाखवत होते.

“आई,” तो शेवटी म्हणाला, “या खेपेला मोजे जरा जाड पाठव. खालची फरशी फार गार पडते थंडीत.”

“किती जोड?”

त्याने मनाशी उरलेल्या हिवाळ्यांचा हिशेब केला. “पाच-सहा तरी पाठव,” तो म्हणाला.